कॉमिक उचलतात, हसतात आणि परत ठेवतात: किंमत उतरवावी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही आणि तुमचा मित्र, दोघांनी मिळून २८ पानांचं मराठी कॉमिक काढलंत. चाळीतल्या भुताची गोष्ट. २०० प्रती छापल्यात, छापाई प्रतीमागे ६० रुपये पडली, किंमत ठेवलीत १५०. वांद्र्याच्या एका शनिवार-रविवारच्या बाजारात ३,००० रुपये भरून टेबल लावलंत. दोन दिवसांत १७ प्रती गेल्या आणि त्यातल्या नऊ ओळखीच्यांनी घेतल्या. बाकीचे लोक उचलतात, चाळतात, हसतात, "मस्त आहे" म्हणतात आणि ठेवून देतात. पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच टेबल मिळतंय, तर किंमत ८० करावी का? आणि उरलेल्या १८३ प्रतींचं काय करावं?

मी बारा वर्षं अशी टेबलं लावतेय. पोटापाण्यासाठी शाळेच्या पुस्तकांची चित्रं काढते, कॉमिक्स रात्री जेवणं उरकल्यावर. सात अंक काढले, त्यातले दोन सपशेल पडले. तुमचं पुस्तक मी पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं बरंचसं "असं असेल तर" या चालीचं आहे. एक गोष्ट मात्र पुस्तक न बघताही सांगते: ८० करू नका.

हिशेब मांडून बघा. टेबलाचे ३,०००, आणि दोघांचं दोन दिवसांचं जाणं-येणं, चहा, वडापाव धरून आणखी ६००. बाजार तुम्हाला ३,६०० रुपयांना पडला. १५० ला विकलेल्या प्रतीमागे छापाई जाऊन ९० सुटतात, म्हणजे ४० प्रती गेल्या की खर्च भरून निघाला. ८० ला विकलंत तर सुटतात २०. मग तेवढाच खर्च भरायला १८० प्रती जायला हव्यात. तुमच्याकडे आहेत १८३. म्हणजे घसा बसेपर्यंत बोलून सगळा गठ्ठा संपवलात, तर घरी जाताना खिशात उरणार तीन प्रतींचे साठ रुपये.

मित्र म्हणेल, छापाईचे पैसे तर गेलेच आहेत, आता येतील ते खरे. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण दुसरा अंक छापायचे पैसे याच डब्यातून निघणार आहेत ना? शिवाय कधी दादरच्या एखाद्या पुस्तकाच्या दुकानात प्रती ठेवायला गेलात, तर दुकानदार छापील किमतीवर ३० ते ४० टक्के मागतो. ८० मधले ४० टक्के गेले की तुमच्या हातात ४८, आणि छापाईच ६०. १५० मधले गेले तरी ९० राहतात. आणि एकदा ८० ला विकलेली वस्तू पुढल्या वर्षी १५० ला विकता येत नाही. ज्यानं ८० ला घेतली तोच नेमका टेबलासमोर येऊन शेजारच्याला सांगतो, "गेल्या वेळी स्वस्त होतं."

किंमत जास्त वाटते तेव्हा गिऱ्हाईक वेगळं वागतं, हेही बघून ठेवा. ते पुस्तक उलटून मागे किंमत शोधतं. "दोन घेतले तर किती?" विचारतं. "फिरून येते" म्हणतं आणि खरंच फिरून येतं. घासाघीस करणाऱ्याला वस्तू हवी असते. तुमच्या प्रश्नात घासाघीस करणारा एकही माणूस नाही. सगळे खूश होऊन निघून जातायत. म्हणजे अडलंय ते किमतीच्या आधी कुठेतरी.

कुठे, ते शोधायला मी एक साधा उद्योग करते. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे: थांबले, उचललं, घेतलं. तासभर नुसत्या उभ्या रेघा मारायच्या, पाचवी आडवी. लोक थांबतच नसतील तर दोष टेबलाचा. थांबतात पण उचलत नाहीत, तर मुखपृष्ठाचा किंवा तुमच्या चेहऱ्याचा. (मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसासमोरची वस्तू उचलायला लोकांना संकोच वाटतो. मला स्वतःला वाटतो.) उचलतात आणि ठेवतात, तर तीन शक्यता असतात: पुस्तक तिथल्या तिथे वाचून झालं, ते आपल्यासाठी आहे की नाही हे त्यांना कळलं नाही, किंवा ते आपल्यासाठी नाही हे त्यांना बरोबर कळलं. तुमचं घोडं या उचलून ठेवण्याच्या पायरीवर अडलंय, तेव्हा या तीन शक्यता एकेक बघू.

माझं पहिलं पुस्तक १६ पानांचं होतं, पानाला एक विनोद. पार्ल्यात दिवाळीआधीच्या एका प्रदर्शनात टेबल लावलं होतं. एका बाजूला भाजणी आणि मेतकूट, दुसऱ्या बाजूला आकाशकंदील. सकाळी अकराच्या सुमारास एक आजोबा आले. चष्मा कपाळावर चढवला, पुस्तक नाकाजवळ धरलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. चौथ्या पानाला हसले. नवव्याला इतके हसले की भाजणीवाल्या काकू वाकून बघायला लागल्या. सोळावं पान संपवलं, पुस्तक मिटलं, गठ्ठ्यावर अगदी कडेला कड जुळवून ठेवलं, "फार छान काढलंयस हो, असंच काढत राहा" म्हणाले आणि कंदील घेऊन गेले. माझी अजून भवानीसुद्धा झाली नव्हती. रागवायचं कुणावर? त्यांनी पुस्तक वाचलं होतं, आवडलं होतं, आता ते घरी नेऊन करायचं काय?

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला आणि सगळ्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद केल्या. विक्री आणखी घसरली. बंद पिशवी लोक उघडत नाहीत, उघडू का असं विचारतही नाहीत. पुढच्या प्रदर्शनात मधला मार्ग सापडला, तो आजतागायत चालू आहे. एकच प्रत चाळायला ठेवायची, कोपरे दुमडलेली, हाताळलेली. तिची शेवटची सहा पानं काळ्या क्लिपनं एकत्र बांधून टाकायची. लोक वाचत वाचत क्लिपपाशी येतात आणि मान वर करतात. त्या क्षणी तुम्ही काही बोलायची गरज नसते. बरेच जण हसतात, काही जण लाडिक तक्रार करतात, एका काकांनी तर क्लिप काढायचा प्रयत्न केला आणि बायकोचा ओरडा खाल्ला. तुमची गोष्ट भुताची आहे. क्लिप कुठे लावायची ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. दार वाजतं त्या पानानंतर लावा.

दुसरी शक्यता, पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही हे न कळणं. मराठी घरात कॉमिक म्हटलं की ते मुलांचं, हे डोक्यात पक्कं बसलंय, आणि त्यात लोकांचा दोष नाही. अमर चित्र कथा १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केली ती मुलांसाठीच, आणि आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीनं ती सुट्टीत पालथं पडून वाचलीय. ही माणसं तुमचं पुस्तक उचलतात ती मुलाला किंवा नातवाला घेऊ म्हणून. आत एखाद्या पानावर लटकलेले पाय वगैरे दिसले की ठेवून देतात, आणि कारण सांगत नाहीत, "मस्त आहे" म्हणतात. मुखपृष्ठावर "मोठ्यांसाठी भुताची गोष्ट" एवढं छापा. या छापाईत राहून गेलं असेल तर छोटी चिठ्ठी चिकटवा. मुलांसाठी चालणारी असेल तर तसं लिहा, "वय १० च्या पुढे". गिऱ्हाईक निम्मं होईल असं वाटतं, पण जे गळतं ते घेणारं नव्हतंच.

इथेच तुमच्या बोलण्याचा प्रश्न येतो. "हे काय आहे?" असं विचारलं की तुम्ही काय सांगता? माझ्या एका अंकाबद्दल मी सुरुवातीला सांगायचे, "ही एक दीर्घ चित्रकथा आहे, त्यात शहर आणि स्मृती यांचं नातं..." स्मृती शब्दापर्यंत समोरच्याची नजर शेजारच्या कानातल्यांवर गेलेली असायची. एकदा माझ्या भावजयीला टेबलावर बसवून मी जेवायला गेले. परत आले तर तिनं चार प्रती विकलेल्या. ती लोकांना सांगत होती, "गिरगावातल्या चाळीत एकच बिऱ्हाड उरलंय, एक म्हातारी. बिल्डरचा माणूस तिला घर सोडायला सांगायला रोज येतो आणि रोज तिच्याशी पत्ते खेळून परत जातो." एवढंच. पुस्तक तिनं सहज वाचलं होतं आणि जे आठवलं ते सांगत होती. तेव्हापासून नव्या अंकाबद्दल काय सांगायचं हे मी आधी तिलाच विचारते.

गोष्ट सांगताना पुस्तक मिटलेलं हातात देऊ नका. उघडून द्या, तुमचं सगळ्यात भारी पान उघडून. ते बहुतेक पहिलं नसतं. माझ्या त्या अंकाचं सातवं होतं: म्हातारी हुकूम लपवते आणि तिच्या मागच्या भिंतीवर नवऱ्याचा फोटो डोळे मिटून घेतो. पुस्तक कुठल्या पानावर सहज उघडावं हे ठरवता येतं. चाळायच्या प्रतीचा कणा त्या पानावर दोन-तीनदा दाबून ठेवायचा.

तिसरी शक्यता सगळ्यात मोठी आहे आणि तिच्यावर उपाय टेबलावर नाही. वांद्र्याच्या त्या बाजारात तुमच्या आजूबाजूला काय होतं? सुवासिक मेणबत्त्या, चांदीचे कानातले, हाताने केलेले साबण, बरोबर? तिथे येणारी गर्दी हिंदी-इंग्रजी बोलणारी, बरीचशी देवनागरी अडखळत वाचणारी. तिनं तुमचं पुस्तक उचललं ते चित्रं बघून. दोन पानं उलटली, फुग्यातलं मराठी दिसलं, आणि सभ्यपणे ठेवलं. ८० ला सोडा, फुकट दिलंत तरी ते पुस्तक त्या घरी वाचलं जाणार नाही. यालाही अपवाद आहेत. एक मुलगा मला माहीत आहे, त्याच्या अंकात शब्द जवळजवळ नाहीतच, आणि त्याचं वांद्र्यात छान चालतं. तुमची गोष्ट संवादांवर उभी असेल तर तुम्ही चुकीच्या गावात दुकान थाटलंय.

मग कुठे? मुंबईत मला अशा बाजारांच्या चार जाती दिसतात. कॉमिक कॉन दिल्लीत २०११ साली सुरू झालं आणि पुढे मुंबईतही आलं. तिथे गर्दी अफाट, पण ती आवडत्या पात्राचे कपडे घालून फोटो काढायला आणि टी-शर्ट घ्यायला येते. टेबल महाग पडतं. इंग्रजी अंक असेल आणि सोबत चित्रांचे प्रिंट असतील तर जा, पहिल्या मराठी अंकाला मी नको म्हणेन. इंडी कॉमिक्स फेस्टसारखे स्वतंत्र चित्रकथाकारांचे मेळावे असतात, तिथे नक्की जा, पण कमाईला म्हणून नको. तिथे निम्मी गिऱ्हाइकं म्हणजे शेजारच्या टेबलावरचे आपलेच लोक. ते तुमचा अंक घेतात, तुम्ही त्यांचा घेता, संध्याकाळी सगळ्यांच्या पिशव्या भरलेल्या आणि खिसे होते तिथेच. शिकायला मात्र त्यापेक्षा चांगली जागा नाही. तिसरा काळा घोडा, १९९९ पासून चालू असलेला फोर्टमधला कला महोत्सव, जानेवारी-फेब्रुवारीत. स्टॉलसाठी बरंच आधी अर्ज करावा लागतो, निवड होते, आणि झालीच तर नऊ दिवस पाय मोडेपर्यंत उभं राहायची तयारी ठेवा.

चौथी जात तुमच्यासाठी: दादर, पार्ले, गिरगाव, मुलुंड, ठाणे इथली दिवाळीच्या आगेमागे भरणारी प्रदर्शनं आणि ग्राहक पेठा. लोणची, पैठण्या, रांगोळीचे छाप आणि तुम्ही. चित्रकारांना हे कमीपणाचं वाटतं, मलाही वाटायचं. पण विचार करा, मराठी घरांत दरवर्षी छापील अंकावर ठरवून पैसे खर्च करायची सवय आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची. जो माणूस ऑक्टोबरमध्ये दोन-तीनशे रुपये मोजून दिवाळी अंक घेतो, त्याला तुमचे १५० जड नाहीत. त्याला ते "कॉमिक" म्हणून जड वाटतात. मी मुखपृष्ठावर "अंक १" असं मोठं छापायला लागले आणि टेबलावरच्या पाटीवर "चित्रकथेचा दिवाळी अंक" लिहिलं, त्या वर्षी पार्ल्यात पहिल्यांदाच प्रती कमी पडल्या. पुस्तक तेच होतं. फक्त लोकांना ते घरात कुठल्या फळीवर ठेवायचं ते कळलं.

वांद्र्याचं टेबल सोडू नका असं मित्राचं मत असेल, किंवा पैसे भरून झाले असतील, तर एक करा. दोन फूट रुंद पाटीवर ठळक देवनागरीत "मराठी कॉमिक" लिहून डोक्याच्या उंचीवर लावा. त्या गर्दीतही मराठी वाचणारे असतातच, पण ए-फाइव्ह (ए-फोरच्या निम्म्या) आकाराचं, टेबलावर आडवं ठेवलेलं पुस्तक सहा फुटांवरून नुसता कागद दिसतो. पाटी वाचून "अय्या, मराठीत?" म्हणत एखादी सरळ तुमच्याकडे येईल. ती वाया जात नाही. उरलेल्यांनाही लांबूनच कळतं, त्यामुळे उचलून ठेवणारे कमी होतात आणि तुमची वही खरं बोलायला लागते.

किंमतही तितकीच मोठी लिहा. आपल्याकडे किंमत विचारली की घ्यावं लागेल अशी धास्ती असते. संकोची माणूस विचारतच नाही, मनातल्या मनात ३०० धरतो आणि निघतो.

स्टिकर ठेवावेत का, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. माझं मत बहुतेकांना पटत नाही, तरी सांगते: पहिल्या अंकाबरोबर ठेवू नका. माझ्या टेबलावर ३० रुपयांचे स्टिकर होते तेव्हा माणूस पुस्तक चाळायचा, खूश व्हायचा, काहीतरी घ्यायला हवं असं त्याला वाटायचं, आणि ती भावना तो ३० रुपयांत फेडून मोकळा व्हायचा. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी नाही, स्टिकर-पोस्टरचं तसं नाही. आज तुमच्या उलाढालीला त्यानं काही फरक पडत नसला तरी हिशेबाच्या वहीत दोन्ही वेगळं लिहायची सवय आत्ताच लावा. स्टिकरऐवजी ए-फोरच्या एका कागदाला एका बाजूनं छापून, मधे चीर देऊन घडी घातली की आठ पानांची इवलीशी पुस्तिका होते. त्याच चाळीतली, त्याच भुताची एक वेगळी छोटी गोष्ट तिच्यात काढा आणि २० रुपयांना ठेवा. मिठाईवाला तुकडा हातावर ठेवतो ना, तसं. वीस रुपयांची घेऊन गेलेली माणसं संध्याकाळी परत आलेली मी पाहिली आहेत. स्टिकरवाली आली नाहीत.

वेळेबद्दल थोडंसं. शनिवारी दुपारी चारपर्यंत शुकशुकाट असतो, त्यावरून मन खट्टू करू नका. खरी विक्री पाच ते आठ. पगार झाल्यावरचा पहिला शनिवार-रविवार मिळाला तर तो घ्या, मार्चमध्ये परीक्षांच्या तोंडावर आई-बाप काही घेत नाहीत. आणि रविवारी घरून निघण्याआधी मेगा ब्लॉक बघा, पश्चिमवर असाल तर जम्बो ब्लॉक. आपण पिशव्या घेऊन कसेबसे पोचतो, पण ठाण्या-कल्याणहून येणारं गिऱ्हाईक घरीच बसतं, आणि आपण मात्र संध्याकाळभर स्वतःच्या चित्रांना दोष देत राहतो.

छपाईविषयी तुम्ही विचारलेलं नाही, तरी पुढच्या खेपेसाठी. २८ पानांचा आकडा तुम्ही ठरवून घेतलात की योगायोगानं, माहीत नाही, पण तो बरोबर आहे. डिजिटल छपाईच्या १३ बाय १९ इंची शीटवर दोन्ही बाजू मिळून ए-फाइव्हची आठ पानं बसतात, म्हणजे आतल्या २४ पानांना नेमक्या तीन शीट आणि कव्हर अर्ध्या शीटवर. सेंटर पिनच्या, म्हणजे मधोमध पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीतच लागतात. ३० पानांची गोष्ट घेऊन गेलात तर दोन कोरी पानं वाढवावी लागतात. चुकलात ते २०० मध्ये. डिजिटलला ५० छापा की २००, प्रतीमागचा भाव फारसा उतरत नाही, तो उतरतो ऑफसेटला (आधी प्लेट बनवून करतात त्या छपाईला), आणि ऑफसेट परवडायला पाचशेच्या पुढे जावं लागतं. मग पहिल्या खेपेला ६० छापायच्या, टेबलावर चुका कळतात, सुधारून पुढच्या ६०. माझ्या दुसऱ्या अंकाच्या ३०० प्रती मी एकदम छापून घेतल्या. फाइलमध्ये अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट नसला तरी बिघडणार नाहीत अशी चित्रं बनवून, दिली नव्हती, प्रेसच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, आणि नायिका शेवटच्या पानावर "तुझ्या" म्हणण्याऐवजी झ आणि या सुटे करून काहीतरी भलतंच म्हणाली. तीनशे वेळा. नमुना प्रत मी मागितली नव्हती, प्रेसवाल्यानं दिली नव्हती. तेव्हापासून फाइल कर्व्ह केल्याशिवाय देत नाही आणि एक प्रत हातात घेऊन मोठ्यानं वाचल्याशिवाय पुढची छापू देत नाही.

जोडाक्षरांचा विषय निघालाच आहे तर तुमचं अक्षर एकदा तिऱ्हाईताला वाचायला द्या. इंग्रजीच्या मापानं काढलेल्या फुग्यात मराठी कोंबलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. तरुणांना ते चालतं, चाळिशीच्या चष्म्याला नाही, आणि प्रदर्शनात पैसे चाळिशीच्या चष्म्याकडे असतात. तुमची माणसं दोन पानांत पुस्तक ठेवत असतील तर हेही कारण असू शकतं. मजकूर कमी करा, फुगा मोठा करा. हाताने लिहिता येत असेल तर फारच छान, नाहीतर मुक्ता किंवा बालू फुकट मिळतात आणि दोन्ही मुंबईतल्या एक टाइपनं घडवलेले आहेत, जोडाक्षरं नीट बसतात.

आता त्या १८३ प्रती. यंदाच्या दिवाळीपर्यंत त्या गेल्या नाहीत तरी आकाश कोसळत नाही, भुताची गोष्ट शिळी होत नाही. ८० प्रती दिवाळीच्या दोन प्रदर्शनांना बाजूला काढा. वांद्र्याला ३० न्या, त्याहून जास्त नको. आतला कागद १०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम) आणि कव्हर २५० धरलं तर एक प्रत साधारण ५३ ग्रॅमची, म्हणजे शंभर प्रती साडेपाच किलोच्या आत. खांद्यावरच्या पिशवीत सहज बसतात, टॅक्सीचे पैसे घालवू नका. दहा प्रती दुकानात ठेवायला देऊन बघा, पण मागितल्याशिवाय पैसे येतील अशी अपेक्षा ठेवू नका, महिन्यातून एकदा चक्कर मारा आणि वहीवर सही घ्या. ज्यांनी त्या दिवशी घेतलं त्या आठ अनोळखी माणसांचे नंबर घेतले नसतील, तर या खेपेपासून विचारून घ्या, दुसऱ्या अंकाची पहिली गिऱ्हाइकं तीच.

उरलेला गठ्ठा जपा, तोंडावर पावसाळा आहे. तुमच्या कव्हरला एकाच बाजूनं लॅमिनेशन असणार, सहसा असतंच. बाहेरच्या बाजूला प्लॅस्टिक, त्यामुळे मुंबईच्या दमट हवेत कागद फक्त आतल्या बाजूनं ओल पितो, फुगतो आणि कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. सप्टेंबरात बघाल तर प्रत्येक प्रत वाळल्या पानासारखी उघडलेली. वीस-वीस प्रतींचे गठ्ठे करा, एक आड एक उलटे रचा म्हणजे पिनेची बाजू एकीकडेच जाड होत नाही, जाड पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून तोंड बंद करा आणि वर वजन ठेवा. आमच्याकडे शिलाई मशीनचं झाकण आहे. आणि काहीही झालं तरी खाटेखाली जमिनीला लागून ठेवू नका, बाहेरच्या भिंतीलाही टेकवू नका. त्या "झ या"वाल्या तीनशेतल्या उरलेल्या चाळीस प्रती मी तशाच ठेवल्या होत्या. वाळवीनं शेवटच्या पानापासून सुरुवात केली.